हलणारी आणि प्रतिसाद देणारी मऊ खेळणी घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शाळांत कोडिंग-रोबोटिक्स शिकवणारे शिक्षक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, घरी शिवणकाम करून खेळणी विकणाऱ्या महिला आणि काही हौशी पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर विवेचन दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाहुलीत मोटर आणि सेल बसवले की ती ‘इंटरॅक्टिव्ह’ झाली असे म्हणता येईल का?

नाही. हलणे आणि मुलाच्या कृतीला उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या टेडी रक्सपिन या बोलक्या अस्वलाच्या कॅसेटमध्ये एका ट्रॅकवर गोष्टीचा आवाज आणि दुसऱ्या ट्रॅकवर तोंड व डोळे हलवणाऱ्या मोटरांसाठीचे संकेत असत. ओठ गोष्टीबरोबर बिनचूक हलत, पण समोरचे मूल हसले काय किंवा उठून गेले काय, अस्वलाला त्याचा पत्ता नसे. १९९८ साली आलेले फर्बी हे घुबडासारखे केसाळ खेळणे मात्र पोट दाबले, उलटे धरले, खोलीत अंधार झाला किंवा मोठा आवाज झाला, तर प्रत्येक वेळी वेगळे वागे. विशेष म्हणजे त्याचे डोळे, कान आणि चोच या सगळ्यांना हलवणारी मोटर एकच होती आणि तिच्या फिरण्याचे वेगवेगळ्या हालचालींत रूपांतर कॅम, म्हणजे फिरताना शेजारचा भाग ढकलणाऱ्या उंचसखल चकत्या, करत असत. मोटरांची संख्या वाढवल्याने खेळणे जिवंत वाटू लागत नाही. मुलाच्या कृतीची जाण, त्यावर निर्णय आणि मग हालचाल, हे तिन्ही टप्पे जुळून आले तरच ते जिवंत वाटते.

२. सुरुवात कापडापासून करावी की सर्किटपासून?

दोन्हींपासून नाही. सुरुवात एका वाक्यापासून करावी: ‘मुलाने हे केले की खेळणे ते करील.’ हे वाक्य ठरल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नये, कारण हाताशी असलेली मोटर पाहून खेळणे आखले की ते त्या मोटरचे प्रदर्शन होऊन बसते.

समजा, मोरजी किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले कासव आपल्याला करायचे आहे. पहिल्यांदा सुचणारी कल्पना अशी असते की, पाठीवर टकटक केली की कासव मान आत ओढून घेईल. परंतु समुद्री कासवाला जमिनीवरच्या कासवासारखी मान कवचात ओढता येत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या गावातले मूल ही चूक लगेच दाखवून देईल. त्यापेक्षा पाठीवरून हात फिरवला की पुढचे दोन पर एकानंतर एक संथपणे वाळू मागे लोटल्यासारखे हलतील, असे ठरवावे. हे प्राण्याच्या स्वभावाला धरून होते आणि यांत्रिकदृष्ट्याही सोपे पडते.

वाक्य ठरले की पुठ्ठा, टाचण्या आणि दोरा वापरून हालचालीचा नमुना करावा व तो हातानेच हलवून मुलांसमोर ठेवावा. मुलांना त्यात रस वाटला, तर आतला सांगाडा आखावा. कापडाचे कटिंग सर्वांत शेवटी करावे, कारण सांगाडा बदलला की कापडाचा पॅटर्न हमखास बदलतो.

३. कोणती मोटर घ्यावी?

थरथर किंवा गुरगुर हवी असेल, तर मोबाइलमध्ये असते तशी छोटी व्हायब्रेशन मोटर पुरते. सतत फिरणारी किंवा कॅम चालवणारी हालचाल हवी असेल, तर एन-२० प्रकारची गिअर मोटर चांगली. ठरावीक कोनात जाऊन थांबायचे असेल, तर एसजी-९० सारखा सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर, सर्रास वापरला जातो. त्याचे वजन सुमारे ९ ग्रॅम असते आणि ४.८ व्होल्टवर तो साधारण १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर इतका पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) देतो. याचा अर्थ, ६ सेंटीमीटर लांबीच्या हाताच्या टोकाशी त्याचा जोर सुमारे ३०० ग्रॅम वजनाइतका भरतो. मऊ खेळण्याला एवढा जोर भरपूर झाला.

शिगम्याच्या चित्ररथांवर आणि नरकासुराच्या प्रतिमांमध्ये हालचालींचे काम करणारे अनेक कुशल हात गोव्यात आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लोखंडी पट्टीचे सांधे, तोल राखण्यासाठीची वजने, एका चाकावरून दोन हालचाली काढण्याची युक्ती हे सारे ज्ञान खेळण्यातही उपयोगी पडते. मात्र तेथे वापरली जाणारी गाडीच्या वायपरची मोटर खेळण्यात कधीही बसवू नये. तिचा जोर प्रौढ माणसाचे बोट चेचण्याइतका असतो आणि अडवले तरी ती थांबत नाही.

आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. स्वस्त सर्वोची कर्कश कुरकुर मऊ कापडाआडूनही ऐकू येते आणि लहान मुले तिला घाबरतात. हालचालीचा वेग निम्मा केला आणि मोटर कडक सांगाड्याला थेट स्क्रूने न जोडता मध्ये फोमचा पातळ तुकडा ठेवला, तर आवाज बराच खाली येतो.

४. मुलाने खेळण्याचा हलता हात घट्ट धरून ठेवला किंवा उलटा पिरगाळला तर काय होईल?

मूल असे करणारच. किंबहुना हालचाल दिसली की ती अडवून पाहणे हा मुलाचा पहिला प्रयोग असतो आणि तो त्याने करावा यासाठीच खेळणे असते. म्हणून या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा नियम माझ्या मते हाच आहे: खेळण्यातली मोटर मुलाच्या हातापुढे हरली पाहिजे, आणि हरताना तिने स्वतःला किंवा मुलाला इजा करता कामा नये.

मोटर अडवली गेली की तिच्यात फिरण्यामुळे निर्माण होणारा उलट विद्युतदाब नाहीसा होतो आणि तिच्यातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह वाहू लागतो. हा सगळा प्रवाह उष्णता बनतो. भोवती रेक्रॉनचा (पॉलिस्टरच्या कृत्रिम कापसाचा) भराव असतो आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे उघड्यावर सहन होणारी मोटर खेळण्याच्या पोटात धोकादायक ठरते. दुसरीकडे, मुलाने हात उलटा फिरवला की स्वस्त सर्वोच्या आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात.

यावर तीन थरांचा उपाय करावा आणि तिन्ही थर ठेवावेत. पहिला यांत्रिक: मोटर आणि हलता अवयव यांच्यामध्ये स्प्रिंग, रबरी पट्टी किंवा घसरणारा क्लच ठेवावा, म्हणजे अवयव अडला तरी मोटर आपली फेरी पूर्ण करते. दोरीने ओढून आणि स्प्रिंगने परत येणारी रचना मला सर्वांत पसंत आहे, कारण दोरी ओढू शकते पण ढकलू शकत नाही. दुसरा विद्युत: मोटरच्या मार्गात पॉलिफ्यूज, म्हणजे प्रवाह वाढला की तो रोखणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, बसवावा. तिसरा प्रोग्रॅममधला: ठरलेल्या वेळेत अवयव ठरलेल्या जागी पोहोचला नाही, तर मोटर बंद करावी आणि थोडे थांबून मगच पुन्हा प्रयत्न करावा. प्रोग्रॅम अडकू शकतो, त्यामुळे केवळ तिसऱ्या थरावर विसंबणे चुकीचे आहे.

सांध्यांतील फटींचा विचारही येथेच करावा. हलत्या भागांमधली फट ५ मिलिमीटर जाडीची काडी आत जाईल एवढी असेल, तर ती १२ मिलिमीटरची काडीही आत जाईल एवढी मोठी ठेवावी लागते, म्हणजे बोट आत गेले तरी अडकून चिरडत नाही. आणि गिअर नेहमी बंद डबीत असावेत. भरावाचा एक धागा गिअरमध्ये गुंडाळला गेला तरी खेळणे कायमचे थांबते.

५. कापडाआडून स्पर्श कसा ओळखायचा?

सर्वांत सोपा मार्ग कपॅसिटिव्ह स्पर्शाचा आहे, म्हणजे मोबाइलच्या पडद्याप्रमाणे हात जवळ आल्याने होणारा विद्युत बदल ओळखण्याचा. कापडाच्या आतल्या बाजूला विद्युतवाहक कापडाचा तळहाताएवढा तुकडा शिवावा आणि तो टीटीपी-२२३ सारख्या छोट्या मॉड्यूलला जोडावा. अधिक जागा ओळखायच्या असतील, तर एमपीआर-१२१ या चिपवर १२ तुकडे जोडता येतात. ही पद्धत हलक्या हाताच्या स्पर्शालाही दाद देते, म्हणून पाळीव प्राण्यासारख्या खेळण्याला ती शोभते.

तिचा दोष असा की ओलावा वाढला की तिचे मोजमाप सरकते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात खेळणे कोणी हात न लावताच हलू लागले, तर बहुधा कारण हेच असते. एमपीआर-१२१ मध्ये आधाररेषा (स्पर्श नसतानाचे मोजमाप) आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दाबाचा स्विच: वाहक कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये भोके पाडलेला फोम. दाबल्यावर थर भोकांतून एकमेकांना टेकतात. त्याला हलका स्पर्श कळत नाही, पण मिठी उत्तम कळते.

उचलणे, झुलवणे, उलटे करणे यांसाठी एमपीयू-६०५० सारखा हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर वापरावा. पूर्वीच्या काही टिल्ट स्विचमध्ये (कलल्यावर चालू होणाऱ्या स्विचमध्ये) पारा असे. तसे जुने भाग खेळण्यात मुळीच वापरू नयेत.

६. मुलगी हात लावते, पण खेळणे उशिरा हलते आणि तिचे लक्ष उडते. काय करावे?

कृती आणि प्रतिसाद यांत सुमारे एक दशांश सेकंदापेक्षा जास्त अंतर पडले, तर ‘माझ्यामुळे हे झाले’ ही भावना फिकी पडू लागते. मोठी हालचाल सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून आधी एक छोटी खूण द्यावी, उदाहरणार्थ कानाची थरथर किंवा बारीकसा हुंकार, आणि मग मोठी हालचाल करावी. प्रोग्रॅममध्ये थांबण्यासाठी ‘डिले’ची आज्ञा वापरली असेल, तर त्या काळात सेन्सरकडे कोणीच पाहत नसते. तिच्याऐवजी ‘मिलिस’ या, प्रोग्रॅम न थांबवता किती वेळ गेला ते सांगणाऱ्या आज्ञेने वेळ मोजावी.

एकाच स्पर्शाला प्रत्येक वेळी हुबेहूब तेच उत्तर देऊ नये, परंतु उत्तरात इतकी विविधताही नसावी की मुलाला कारण आणि परिणाम यांचा संबंधच लागू नये. तीन-चार जवळची उत्तरे आलटूनपालटून दिली की पुरे. काही मिनिटे कोणी हात लावला नाही, तर खेळण्याने शांत झोपावे आणि आपण होऊन मुलाला हाक मारू नये. मुलाचे लक्ष ओढून घेत राहणारे खेळणे मला मान्य नाही.

७. सेल कोणते वापरावेत? मोबाइलसारखी चार्जिंगची बॅटरी चालेल का?

घरगुती आणि शाळेतल्या कामासाठी पेन्सिल सेल सर्वांत सुरक्षित आणि कुठेही मिळणारे आहेत. तीन सेलचे ४.५ व्होल्ट होतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्यामुळे त्यांचे चार लागतात. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. सेल उलटे बसले तरी सर्किट जळू नये यासाठी उलटा प्रवाह अडवणारा डायोड किंवा मॉस्फेट लावावा. सेलच्या डबीचे झाकण स्क्रूनेच बंद होणारे असावे.

लिथियमची बॅटरी वापरायचीच असेल, तर संरक्षक सर्किटसह मिळणारी घ्यावी, ती कडक डबीत ठेवावी आणि चार्जिंग करताना खेळणे चालणारच नाही अशी रचना करावी. शाळेच्या वर्गात ती टाळलेली बरी.

बटण सेलच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. २० मिलिमीटरचा लिथियम बटण सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मऊ खेळण्यात तो वापरण्याचे एकही कारण मला पटत नाही. गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

जाता जाता: मोटर सुरू होताच खेळणे ‘रिसेट’ होत असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधू नये. मोटर क्षणभर खूप प्रवाह ओढते आणि व्होल्टेज खाली येते. मोटरच्या पुरवठ्याशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहावा.

८. असे खेळणे धुता येईल का?

यंत्र काढता येत असेल तरच. सगळी यंत्रणा एका कडक डबीत, ती डबी आतल्या कापडी पिशवीत आणि पिशवी खेळण्याच्या पोटात अशी रचना करावी. पाठीची शिवण उघडली की पिशवी अलगद बाहेर यावी. स्पर्शाचे वाहक कापड बाहेरच्या कातडीतच राहते, म्हणून तेथे टिचबटण किंवा छोटा कनेक्टर द्यावा. टिचबटण मात्र मुलाच्या हाताला लागणार नाही अशा आतल्या घडीत हवे. मूल लहान असेल, तर पाठीची शिवण बंद करायला वेलक्रोऐवजी हाताने घालायचे टाके बरे. धुण्याच्या वेळी उसवून पुन्हा शिवणे कंटाळवाणे असले, तरी मुलाला ते उघडता येत नाही.

९. पावसाळ्यात खेळण्याला बुरशी लागते आणि कनेक्टर हिरवे पडतात. उपाय काय?

साधा कापूस ओल धरतो, म्हणून भरावाला रेक्रॉन घ्यावे. फरच्या कापडाला मागून फोम चिकटवलेला नसावा, कारण तो आतून वाळत नाही. किनारपट्टीच्या हवेत मीठ असते आणि ओलाव्याबरोबर ते तांब्याला खाते. त्यामुळे सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स (सोल्डरबरोबर वापरलेला चिकट पदार्थ) पूर्ण पुसून बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, मात्र कनेक्टरच्या पिना आणि मायक्रोफोनचे छिद्र झाकून ठेवावे. सिलिका जेलची पुडी खेळण्यात शिवू नये. शिवण उसवली की ती थेट मुलाच्या तोंडात जाते. पावसाळ्यात खेळणे वापरात नसेल, तर सेल काढून ठेवावेत. गळलेल्या सेलमुळे बंद पडलेली खेळणी इतर कोणत्याही कारणापेक्षा मला जास्त दिसतात.

१०. डोळे, बटणे आणि शिवण पक्की आहे की नाही, हे घरी कसे तपासावे?

प्रमाणित चाचणी प्रयोगशाळेतच होते, पण घरची तपासणी बहुतेक उणिवा आधीच उघड करते. छोट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी घ्यावी, जिचा तळ तिरपा असून खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असेल. सुटा झालेला भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो.

मऊ खेळण्याची शिवण ७० न्यूटनचा ताण सोसते का, हे प्रयोगशाळेत पाहतात. हा ताण साधारण सात किलो वजनाइतका असतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड चिमट्यात धरून खालच्या चिमट्याला पाणी भरलेली कळशी हळूहळू टांगावी, कळशी आणि पाणी मिळून सात किलो भरतील असे पाहावे आणि दहा सेकंद थांबावे. शिवण उसवून आतला भराव दिसला, तर दुहेरी टीप घालावी. डोळ्यांच्या बाबतीत माझा आग्रह भरतकामाचाच आहे. प्लॅस्टिकचा डोळा कितीही पक्का असला, तरी तो धरणारे कापड झिजते.

११. विकायचे असेल तर कोणते नियम लागू होतात?

खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा केंद्र सरकारचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याने आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. मोटर, दिवा किंवा आवाज विजेवर चालत असेल, तर खेळणे विद्युत खेळण्यांत मोडते आणि त्याला आयएस १५६४४ हे मानक लागू होते. शिवाय यांत्रिक सुरक्षा, ज्वलनशीलता आणि घातक मूलद्रव्ये यांविषयीचे आयएस ९८७३ चे संबंधित भागही पाळावे लागतात. साध्या बाहुलीचा परवाना असलेल्याने तिच्यात मोटर घातली, तर जुना परवाना पुरेल असे गृहीत धरू नये.

१२. मी नोंदणीकृत हस्तकला कारागीर आहे. मला या आदेशातून सूट आहे ना?

विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना आदेशातून वगळले आहे, हे खरे आहे. गोव्यातील लाखकाम करणाऱ्या चितारी कारागिरांसारख्यांना त्याचा मोठा आधार आहे. परंतु बाहेरून आणलेले तयार यंत्र आपल्या बाहुलीत बसवणे किंवा आपले काम दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकले जाणे, या गोष्टी ‘स्वतः बनवून स्वतः विकणे’ या चौकटीच्या काठावर येतात. अशा वेळी ब्यूरोकडून लेखी उत्तर घ्यावे. सूट मिळाली, तरी प्रश्न ४, ७ आणि १० मधल्या तपासण्या सोडू नयेत. कागदावरच्या सवलतीने बटण सेल कमी घातक होत नाही.

१३. पेटीवर ‘३ वर्षांवरील मुलांसाठी’ असे छापले, तर छोट्या भागांचे नियम टाळता येतील का?

बहुतेक वेळा नाही. मिठीत घेण्याजोगे मऊ, भरलेले खेळणे हे स्वभावतःच तीन वर्षांखालील मुलांचे मानले जाते, मग पेटीवर काहीही छापलेले असो. घरात मोठ्या भावाचे खेळणे धाकट्या बहिणीच्या हाती जाणारच. म्हणून प्रत्येक मऊ खेळणे सर्वांत लहान मुलाला नजरेसमोर ठेवूनच आखावे.

१४. खेळण्याने कोकणीत बोलावे की मराठीत?

ज्या घरासाठी ते आहे, त्या घरात मुलाशी ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत बोलावे. गोव्यातल्या अनेक घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे डीएफप्लेअरसारख्या आवाज वाजवणाऱ्या मॉड्यूलच्या मेमरी कार्डावर दोन फोल्डर ठेवून लपवलेल्या स्विचने भाषा बदलता येते. संगणकाने तयार केलेल्या आवाजापेक्षा आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली छोटी वाक्ये कितीतरी सरस ठरतात. मूल खेळणे कानाशी धरते, म्हणून आवाजाची कमाल पातळी प्रोग्रॅममध्ये न ठेवता स्पीकरच्या मार्गात रेझिस्टर लावूनच बांधून टाकावी.

१५. मायक्रोफोन आणि इंटरनेट जोडून मुलाशी खरा संवाद साधणारे खेळणे करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण माझा सल्ला नकाराचा आहे. २०१७ साली जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण ती ऐकलेले गुपचूप बाहेर पाठवू शकणारे उपकरण ठरत होती. त्याच वर्षी क्लाउडपेट्स या मऊ खेळण्यांतून साठवलेले मुलांचे आणि पालकांचे निरोप इंटरनेटवर उघडे पडल्याचे निदर्शनास आले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरते. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यासही त्यात मनाई आहे. आवाजाची चाहूल हवी असेल, तर फक्त आवाजाची पातळी मोजून ती लगेच विसरणारे सर्किट पुरते. टाळी वाजली हे कळण्यासाठी काय बोलले गेले हे कळण्याची गरज नसते.

१६. हातांची हालचाल मर्यादित असलेल्या मुलासाठी तेच खेळणे वापरता येईल का?

येईल, आणि प्रत्येक रचनेत ही सोय पहिल्यापासून ठेवावी असे मी आग्रहाने सांगतो. विशेष मुलांसाठीचे मोठे दाब-स्विच साधारणपणे ३.५ मिलिमीटरच्या मोनो जॅकवर येतात. स्पर्शाच्या सेन्सरला समांतर तसे सॉकेट जोडून ते डबीच्या भिंतीत, कापडाच्या झडपेखाली बसवावे. मग मूल डोक्याने, कोपराने किंवा पायाने स्विच दाबून खेळणे चालवू शकते. दाबण्याचा वेळ मुलागणिक वेगळा असतो, त्यामुळे एकदा दाबले की हालचाल पूर्ण होऊनच थांबेल असा पर्याय प्रोग्रॅममध्ये असावा. आवाज किंवा थरथर सहन न होणाऱ्या मुलांसाठी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बंद करता येतील असे स्विचही द्यावेत. स्विचची तार लांब असल्यास ती खुर्चीला किंवा टेबलाला बांधावी, म्हणजे ती मुलाच्या मानेभोवती येणार नाही. सॉकेट केवळ कमी व्होल्टेजच्या संकेताचेच असावे, मोटरचा प्रवाह त्यातून जाऊ देऊ नये.